शून्याखाली गेलेली रेष

माझ्या कामाचा एक नियम मी स्वतःच घालून घेतला होता: पडद्यावर लिहायचं नाही. गणित दाखवायचं असेल तर सरळ दाखवावं, शेजारी परिच्छेद कशाला? लोक वाचत नाहीत, मुलं तर मुळीच वाचत नाहीत. त्रिकोणाचं टोक त्यांना बोटाने धरून ओढू द्यावं, कोन बदलताना बघू द्यावेत, आणि बेरीज जागची हलत नाही हे त्यांचं त्यांना कळू द्यावं. चित्राखाली 'लक्षात ठेवा' अशी चौकट टाकणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यांचा स्वतःच्या चित्रावर विश्वास नसतो, असं मी सगळ्यांना ऐकवत असे.

मी खांदा कॉलनीत राहते आणि घरी बसून वेबसाइटसाठी गणिताची हलती चित्रं बनवते. ती ब्राउझरमध्ये उघडतात, बोटाने ओढता येतात आणि ओढलं की पडद्यावरचा आकार आणि आकडे एकदम बदलतात. सोसायटीत मी 'गेम बनवते' असा समज आहे. सेक्रेटरीच्या बायकोने एकदा लिफ्टमध्ये विचारलं होतं, "एवढं शिकून घरीच? कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, "माणसं भेटली की येतो." तेव्हापासून ती माझ्यासाठी लिफ्ट थांबवत नाही.

कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती मोडेपर्यंत ताणायची, ही माझी पद्धत. वर्तुळ ताणा, त्रिज्या शून्य करा, ऋण करा, काय होतं बघा. जिथे मोडतं तिथेच नियम दिसतो. वर्गात शिकवतात तो नियम गुळगुळीत असतो, हातात धरला तर निसटतो. मोडका धरता येतो. माझी सगळी पानं मी अशीच बनवली, वापरणाऱ्याने ती मोडावीत म्हणून.

कामोठ्याच्या एका क्लासने मला काम दिलं. मेडिकलच्या दुकानावर दोन मजले, अकरावी-बारावीची मुलं, भिंतीवर मागच्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो. मालक एके काळी फिजिक्स शिकवत असत. आता ते पालकांना शिकवतात, त्यात कष्ट कमी आणि विद्यार्थी जास्त आज्ञाधारक. त्यांना क्लासच्या वेबसाइटवर 'काहीतरी हलणारं' हवं होतं. मी बरीच पानं करून दिली. त्यातलं एक होतं ठिपके आणि रेषेचं.

पान अगदी साधं होतं. एकेका टेस्टचे गुण म्हणजे एकेक ठिपका. सगळ्या ठिपक्यांच्या जवळात जवळ जाणारी एक रेष, आणि खाली ओढायचा दांडा, म्हणजे स्लायडर. तो उजवीकडे ओढला की रेष अजून न झालेल्या टेस्टकडे पुढे सरकते. मला त्यातून एवढंच शिकवायचं होतं, की ठिपके संपले की रेषेवर भरवसा ठेवू नका, पुढे ती वाटेल ते बोलते. म्हणून मी तिला अडवलं नाही. माझा चढत जाणारा काल्पनिक विद्यार्थी पुढे ओढला की एकूण गुणांच्याही वर जाऊन चौकटीबाहेर निघून जायचा. उतरत जाणारा शून्याच्या खाली, अक्षाखालच्या काळ्या पट्ट्यात बुडायचा. ती शून्यावर थांबवायला कोडची एक ओळ पुरली असती. मी मुद्दाम लिहिली नाही. मूर्खपणा डोळ्यांना दिसला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं.

पहिल्यांदा वर्गात दाखवलं तेव्हा मुलं गप्प बसून होती. क्लासमध्ये मुलांना हसायचं की लिहून घ्यायचं हे आधी सांगावं लागतं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी फस्सकन हसली. "मॅडम, हा असाच जात राहिला तर पेपर काढणाऱ्या सरांनाच मार्क देईल." सगळा वर्ग हसला. "म्हणजे रेष येडी आहे ना?" तिने विचारलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. एवढ्या वर्षांत माझं पान इतक्या लवकर कुणीच मोडलं नव्हतं.

ती उरणच्या बाजूच्या गावातली. वडिलांचा खडी-रेतीचा सप्लाय, दारात डंपर, त्याआधी आजोबांची मिठागरं. दहावीपर्यंत मराठी शाळेत ती पहिली आलेली. क्लासमध्ये सगळं इंग्रजीत. पहिली टेस्ट दहावीच्याच अभ्यासावर होती, तीत तिने भले भले मागे टाकले. दुसरी इंग्रजीतून नव्या धड्यांवर होती, तिथे प्रश्न समजायलाच वेळ गेला. तिसरी टेस्ट नेमकी चुलतभावाच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी. आगऱ्यांकडची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. लग्न एक वेळ लहान होईल, हळद नाही. दारात मांडव, सगळं गाव जेवायला, भिंती हलवणारा डीजे, आणि घरातली मुलगी खोलीचं दार लावून अभ्यास करतेय असं म्हटलं तर लोक तिला डॉक्टरकडे नेतील. टेस्टला ती पिवळ्या हातांनी आली होती.

तीन ठिपके, तिन्ही उतरते. कुठल्याही शहाण्या माणसाला त्यांची कारणं दिसली असती. रेषेला कारणं दिसत नाहीत.

मी नवी पानं दाखवायला क्लासला गेले की ती वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ येऊन बसायची आणि माझी पानं बिघडवायची. दोन ठिपके एकावर एक ठेवले तर? सगळे एकाच उभ्या ओळीत ठेवले तर? एकदा तिने रेषच नाहीशी करून दाखवली आणि मला घरी जाऊन कोड दुरुस्त करावा लागला. "मला हेच करायचंय," एक दिवस ती म्हणाली. "याला कुठे ॲडमिशन घ्यायची असते?" मी म्हटलं, सायन्स सोडू नकोस, गणित सोडू नकोस, बाकीचं आपण बघू. तिला ते पटलं. घरी वडिलांनी बजावलं होतं की सायन्स झेपलं नाही तर गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्सला घालीन. तिचं सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं, आणि हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं.

मग आली पालकसभा.

मालकांनी मला आग्रहाने बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला. भिंतीवर मोठा टच-स्क्रीन लावला होता. मुलं खाली सतरंजीवर, पालक खुर्च्यांवर. या क्लासची रीत अशी, की ज्याचे गुण सांगायचे ते मूल उभं राहतं, म्हणजे सगळ्यांना कळतं कुणाविषयी चाललंय. पडद्यावर माझं पान उघडलं. काल्पनिक विद्यार्थी गायब होते. त्यांच्या जागी खरी मुलं होती.

"आता आपण भविष्य बघू या," मालक म्हणाले.

मला आधी कळेचना. मग एक मुलगा उभा राहिला, त्याचे ठिपके उमटले, मालकांनी दांडा ओढला आणि रेष वर गेली. आईने टाळ्या वाजवल्या. दुसरा उभा राहिला, त्याची रेष आडवी निघाली, बापाने सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यात टपली मारली. लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. लॉटरीचा निकाल बघावा तशी ही शिकलेली माणसं, बँकेतली, आयटीतली, स्वतःच्याच पोरांकडे बघत होती. इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं एकही पान कधी पाहिलं नव्हतं.

मी मालकांना हाताने खूण केली. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. त्यांनी मान लववली.

मग ती उभी राहिली. तिचे वडील मागच्या रांगेत होते. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, गुडघ्यांवर हात, परक्याच्या घरी बसल्यासारखे. मालकांनी त्यांना पुढे बोलावलं. "या, शेठ. तुम्हीच ओढा. आम्ही ओढलं तर म्हणाल सरांनी केलं." सभा हसली. शेठ आले. त्यांनी बोट आधी शर्टाला पुसलं, मग पडद्यावर टेकवलं आणि हळूच उजवीकडे नेलं. पुढच्या टेस्टला रेष तळाशी टेकायला आली होती. त्यांनी मान वळवून मालकांकडे पाहिलं. "अजून," मालक म्हणाले. त्यांनी अजून ओढलं, आणि तिची रेष शून्य ओलांडून काळ्या पट्ट्यात गेली.

आता मात्र मी उठले. मला मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. रेष मोडली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोडली होती. मी पडद्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे बघा. गुण शून्याच्या खाली गेलेत. असं कधी होईल का? म्हणजे ही रेष मूर्ख आहे, हे दाखवायलाच मी हे पान केलंय. तीन ठिपक्यांवरून कुणाचं भविष्य कळत नाही."

मग दुसऱ्या रांगेतली एक बाई समजूत घातल्यासारखी म्हणाली, "जातात ना मॅडम शून्याखाली. निगेटिव्ह मार्किंग असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या क्लासच्या प्रत्येक टेस्टमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात. त्या मुलांना उणे गुण मिळतात, दर महिन्याला कुणाला ना कुणाला मिळतात, फलकावर लागतात. माझ्यासाठी शून्याखाली काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी तिथे ओळखीची मुलं होती.

"मॅडमनी सगळा विचार करून बनवलंय," मालक म्हणाले. "निगेटिव्हसकट." टाळ्या पडल्या. मी बोलायचा प्रयत्न केला, पण लोकांना वाटलं मी नम्रपणे श्रेय नाकारतेय. शेठ माझ्यासमोर थांबले. "मॅडम, आमी शिकलो नाय. आकड्यांतलं काय कळत नाय आमाला. पन खाली चाललंय ते दिसतंय." मग मालकांना म्हणाले, "पुढची टेस्ट बघू. या रेषेवरच आली तर काढतो तिला. उगा पोरीला कशाला तरास." मुलगी अजून उभीच होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांशी कडाकडा भांडले. ते पान काढा म्हटलं. ते म्हणाले, पालकांना तेच सगळ्यात आवडलंय. मी म्हटलं, ते खोटं आहे. ते म्हणाले, "मॅडम, गणित खोटं कसं असेल?" या माणसाच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि नंतर बऱ्याचदा वाटलं. मी काम सोडलं. पान त्यांच्याकडे राहिलं, कोडची प्रत त्यांच्या सर्व्हरवर होती, आणि ती मीच तिथे चढवली होती.

घरी बसून मी नवं पान केलं. त्यात रेषेऐवजी धुकट पट्टा होता, ठिपक्यांपाशी चिंचोळा आणि पुढे जाईल तसा रुंद. तीन ठिपक्यांवरून पुढची टेस्ट ओढली तर पट्टा जवळजवळ सगळी चौकट भरून टाकायचा, तळापासून वरपर्यंत. म्हणजे काहीही होऊ शकतं. इतकं खरं चित्र मी आजवर काढलं नव्हतं. खाली मी दोन ओळी लिहिल्यासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्या अक्षरांत. लॅपटॉप घेतला आणि तिच्या गावी गेले.

बंगला नवा होता, बाहेर डंपर धुवत होते. तिच्या आईने मला गादीवर बसवलं, नको म्हणत असताना चहाबरोबर बशीभर फरसाण दिलं. शेठ समोर बसले. मी पट्टा ओढून दाखवला. समजावलं, की ती पहिल्या टेस्टला का चमकली, तिसरीला का घसरली, हळद काय, इंग्रजी काय. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माझं एवढं कुणी ऐकत नाही.

"मंजे त्या दिवशी दाखवलं ते खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते बनवलं कोनी?"

"मी."

"आन हे?"

"मीच."

"मॅडम, माजी पोर तुमाला आवडते, ते कळतंय आमाला," ते म्हणाले. "तवा तुमाला ठावं नव्हतं ती कोनाची रेष हाय. आता ठावं हाय. मग खरं कुठलं धरू?"

त्यांच्या या बोलण्यात चूक काय होती ते मला आजही दाखवता येत नाही, आणि म्हणूनच त्या माणसाचा मला राग येतो. सरळ साधा गाढव असता तर मी त्याला पुरून उरले असते. त्याची बायको म्हणाली, "आर्ट्सला गेली मंजे काय वाया जातंय का कोन? मी तर शालंतच गेली नाय." ती मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, "तू सांग ना. तूच म्हणाली होतीस, रेष येडी आहे." ती म्हणाली, "राहू दे, मॅडम." आणि कपबश्या उचलून आत गेली.

निघताना मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की टेस्ट नीट दे, तुला सगळं येतं, बाकी डोक्यातून काढून टाक. ती हो म्हणाली. तिला खरंच येत होतं. मी तिला आठवडाभर फोनवर गणितं घातली होती, ती माझ्याआधी उत्तर सांगायची.

टेस्ट झाली. निकालाच्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, रागावू नका, पण हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे. ठिपका बरोब्बर रेषेवर! एक सूतसुद्धा इकडे तिकडे नाही." त्यांना एक छोटी सुधारणा हवी होती. अंदाज खरा ठरला की ठिपका चमकला पाहिजे. काम सोडलं असलं तरी एवढं करून द्या म्हणाले, पालकांना बघायला बरं पडेल. मी फोन कापला आणि रिक्षा करून कामोठ्याला गेले.

शेठ खाली मेडिकलसमोर गाडी लावून उभे होते. मुलीची बॅग आणि पुस्तकं घ्यायला आले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. "बरं झालं मॅडम, आदीच कळलं. नायतर पोर दोन वर्षं फुकट झिजली असती. तुमचे उपकार हायत." ते मनापासून बोलत होते. मला इतका मान आजवर कुठल्या पालकाने दिला नाही, आणि तो त्या क्षणी त्यांच्या तोंडावर फेकून मारता आला असता तर मी मारला असता.

ती जिन्यात भेटली. हातात पुस्तकांचा गठ्ठा. मी तिला अडवलंच. "काय झालं? कठीण होता का पेपर?"

"नाही. सोपा होता."

"मग?"

ती कठड्याला टेकली. चेहऱ्यावर रडण्याची खूण नव्हती, उलट एखादं गणित समजावून सांगावं तशी बोलत होती. "सगळं सोडवून झालं आणि वेळ उरला. मग मला वाटलं, मला एवढं सोपं कसं जातंय? रेष तर खाली चाललीय. म्हणजे मला जे बरोबर वाटतंय तेच चुकीचं असणार. म्हणून उत्तरं बदलली. पेपर टॅबवर असतो, शेवटपर्यंत बदलता येतात."

"आणि आधीची?"

"आधीची बरोबर होती. नंतर सोल्युशन बघितलं मी."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता खाली जाऊन तुझ्या वडिलांना हे सांगू. तिने हात हळूच सोडवून घेतला.

"नको, मॅडम. ते म्हणतील, रेषेला हे पण माहीत होतं."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. तिने गठ्ठा छातीशी नीट धरला आणि ती पायऱ्या उतरून गेली.